ठिणग्या कमी उडाल्या पाहिजेत

माझी पहिली कथा एका लहानशा दिवाळी अंकात छापून आली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. कथेचा नायक वेल्डर होता. पहिल्या परिच्छेदात रात्रपाळी, शेडमधला अंधार आणि नायकाच्या हातून उडणारा ठिणग्यांचा पाऊस. शेवटच्या परिच्छेदात पुन्हा ठिणग्या, या खेपेला नायकाच्या डोळ्यांत. अंक घेऊन मी मेस्त्रींकडे गेलो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये त्यांच्या हाताखाली मी वर्षभर शिकाऊ उमेदवार होतो. त्यांची शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळे कथा मीच वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली, बिडी विझवली आणि म्हणाले, "तुझ्या गड्याचा करंट जास्त झालाय. नाहीतर रॉड ओला असंल. ठिणग्या कमी उडाल्या पाहिजेत."

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ज्याला आम्ही स्पॅटर म्हणतो ते वितळलेल्या धातूचे उडालेले थेंब असतात. करंट प्रमाणाबाहेर वाढवला, रॉड कामापासून लांब धरला किंवा त्याच्यावरच्या लेपात ओल शिरली, की ते उडतात आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखे चिकटून बसतात. मग ते छिन्नीने खरवडत बसायचं. ते काम अर्थातच शिकाऊ उमेदवाराकडे. रस्त्याने जाणारा माणूस थांबून ज्या ठिणग्यांचा फवारा बघतो, तो बहुतेक वेळा वेल्डिंगचा नसतोच. तो ग्राइंडरचा असतो, नाहीतर गॅस कटिंगचा. म्हणजे मी वर्षभर हे काम करून, त्याची परीक्षा देऊन, त्याच्यावर कथा लिहायला बसलो तेव्हा लिहिलं काय, तर रस्त्याने जाणाऱ्याला दिसतं ते.

असं का झालं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पुरला आहे. उत्तर शोधताना मी मराठीतलं कामगारांविषयीचं लेखन पुन्हा वाचत गेलो. ते वाचन काही विद्यापीठीय शिस्तीचं नव्हतं. जे हाती लागलं ते, आणि मेस्त्रींचं ते एक वाक्य मोजपट्टीसारखं शेजारी ठेवून. त्या वाचनातून जे मत बनलं ते असं: आपल्याकडे कामगार आला, त्याची भूक आली, त्याची चाळ, त्याचा संप, त्याचा मोर्चा आला. त्याचं काम मात्र दाराबाहेर राहिलं.

नारायण सुर्व्यांपासून सुरुवात करावी लागते, कारण ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे संग्रह आयटीआयच्या वसतिगृहात उशाशी ठेवून झोपलेला मुलगा मी आहे. त्या कवितेत कामगार स्वतःच्या तोंडाने बोलतो, कुणी त्याच्या वतीने हळहळत नाही, ही केवढी मोठी गोष्ट होती हे आज सांगून पटायचं नाही. पण त्या बोलण्यात त्याचे हात काय करताहेत हे मला क्वचितच दिसलं. सुर्वे स्वतः गिरणीत राबले होते, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. त्यांना काम माहीत नव्हतं असं म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. कवितेला त्या वेळी कामाची गरज नव्हती, कामगाराची होती. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) गिरणी बंद पडल्यावरची चाळीतली खोली आहे आणि ती खोली विसरता येत नाही. पण तिथे तर काम गेलेलंच आहे, ते कसं दिसणार? मामा वरेरकरांनी एका कादंबरीच्या नावातच धोटा आणला, ‘धावता धोटा’. शीर्षकात धावणारा तो धोटा पुस्तकभर विणकराच्या बोटांच्या अंतरावरून दिसेल, अशा आशेने मी ती उघडली होती. तेवढ्या जवळून तो मला दिसला नाही.

मग हत्यारं गेली कुठे? ती रूपकांत गेली. ऐरण, घण, भाता, पोलाद, भट्टी आणि सगळ्यांत जास्त ठिणगी. आपल्या बंडखोर कवितेतून ठिणगी हा शब्द काढून टाकायचा ठरवला तर कित्येक संग्रह निम्मे होतील. हा शब्द मुळात लोहाराकडून आला असणार, आणि लोहाराच्या ठिणग्या खऱ्या आहेत. तापलेल्या लोखंडावर घण पडला की वरची पापुद्र्यासारखी खपली फुटून उडते. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मधल्या (१९६५) लोहाराच्या गाण्यात त्या येतात तेव्हा कामाचा भाग म्हणूनच येतात. पुढे ऐरण जाऊन ट्रान्सफॉर्मर आला, भाता जाऊन सिलेंडर आला, तरी साहित्यात ठिणगी तीच राहिली. कारण तिच्याकडे कुणी काम म्हणून बघत नव्हतं. ती क्रांतीची होती.

वेल्डरला प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगतो. जवळजवळ काही नाही. काळी काच तोंडापुढे आली की शेड, जॉब, स्वतःचे हात, सगळं नाहीसं होतं. आर्क पेटला की अंधारात एक प्रकाशाचा ठिपका आणि त्याच्याखाली वाटाण्याएवढं वितळलेल्या धातूचं डबकं, इतकंच जग उरतं. त्या डबक्यावर स्लॅग तरंगत असते, म्हणजे रॉडवरच्या लेपाचा मळ, तोही वितळलेला, तोही चमकणारा. धातू कुठला आणि मळ कुठला हे ओळखू येणं म्हणजे निम्मं वेल्डिंग. मला त्याला तीन महिने लागले. तोवर मी मळालाच धातू समजून पुढे सरकत होतो, आणि स्लॅग ठोकून काढली की खाली जोडाऐवजी खड्डे निघत. रॉड जळत आखूड होत जातो, म्हणून हात पुढे सरकत असतानाच खाली उतरत राहावा लागतो. अंतर वाढलं तर आर्क तुटतो, कमी झालं तर रॉड चिकटतो. करंट नीट आहे का हे डोळ्यांपेक्षा कान आधी सांगतात. भजी तळल्यासारखा एकसारखा चुरचुर आवाज आला पाहिजे. मेस्त्री पाठ करून चहा पीत असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "कमी कर रे, दहा अँपिअर."

बघणाऱ्याला जिथे लखलखाट दिसतो तिथे करणाऱ्याला अंधार असतो. माझ्या कथेत लखलखाट होता. साहित्यिक चूक म्हणून मला ती आजही सगळ्यांत मोठी वाटते, भाषा कृत्रिम होती त्याहून मोठी.

आता माझ्या मताच्या आड येणारी दोन पुस्तकं आहेत, ती लपवणं बरोबर नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७). ‘उपरा’त कैकाडी कुटुंबाचं फोक आणून टोपल्या विणणं आहे. ‘उचल्या’त तर एका धंद्याचं शिक्षण आहे. पोरांना खिसा मारायला कसं तयार केलं जातं, मार खायची सवय आधी कशी लावली जाते, हे वाचताना मी पानोपानी थांबलो होतो, कारण कुणाच्या तरी हाताखाली शिकणं म्हणजे काय असतं ते मराठीत इतकं अंगावर येईल असं मी दुसरीकडे वाचलेलं नव्हतं. म्हणजे आपल्या भाषेला हे जमत नाही असं नाही. ज्यांच्या घरात काम हेच जातीचं नाव होतं, ते लिहू लागल्यावर काम लिहिलं गेलं. त्याआधी ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्या हातात सांडशी नव्हती आणि सांडशीवाल्याला लेखणी मिळू दिलेली नव्हती. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) बलुतेदार आहेत, लोहारही आहे. पण तो गावाच्या हिशेबात बसवलेला, सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेतून. त्याचा भाता कसा श्वास घेतो ते त्यात कशाला असेल?

मात्र पिढीजात धंदा सुटून माणूस कारखान्याच्या फाटकातून आत गेला, की ही नजर बहुधा हरवते. टोपली विणणाऱ्याची बोटं आपल्याला दिसतात, लेथवाल्याची दिसत नाहीत. कारखान्यातलं काम म्हणजे यंत्राचं काम, त्यात माणसाने काय शिकायचं, असा एक गैरसमज डाव्या-उजव्या सगळ्यांत सारखाच पसरलेला आहे. शिकाऊ माणूस तर या साहित्यात जवळजवळ नाहीच. कायद्यालाही तो नीटसा दिसत नाही म्हणा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं अठरावं कलम सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. आम्ही ते कलम विद्यावेतनाच्या दिवशी एकमेकांना ऐकवायचो.

वेल्डिंगचं काम शब्दांत मांडणारं एकच पुस्तक आमच्याकडे होतं, ते म्हणजे ट्रेड थिअरीचं. ही पुस्तकं चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था तयार करते. टीकाकार त्यांना साहित्य मानणार नाहीत, पण मी ती कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त वेळा वाचली आहेत, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे. त्या पुस्तकात सगळं आहे: रॉडचे क्रमांक, अँपिअर, कोन, दोषांची नावं, दोषांची कारणं. फक्त माणूस नाही. इलेक्ट्रोड धरला जातो, आर्क निर्माण केला जातो, स्लॅग काढली जाते. कोण धरतो, कोण काढतो? कामगार-कवितेत माणूस आहे आणि काम नाही, या पुस्तकात काम आहे आणि माणूस नाही. दोन्ही पुस्तकं माझ्या एकाच ट्रंकेत होती आणि ती एकमेकांशी कधी बोलली नाहीत. शासनाने मध्ये सांधाता हा शब्द आणला. एसटीच्या भरतीच्या जाहिरातींत तो दिसतो. शब्द वाईट नाही, सांधणे या चांगल्या क्रियापदातून आलेला आहे. पण शेडमध्ये कुणी तो उच्चारला नाही. तिथे टाका हा शब्द होता. दोन पत्रे जागेवर धरून ठेवायला जे छोटे ठिपके मारतात त्यांना आमच्याकडे टाके म्हणत, शिंप्याचे असतात तसे. "आधी टाके मार, मग गुण्या लाव, मग बोलू." हा शब्द कोणत्या समितीने दिलेला नव्हता.

फॅब्रिकेशनमधलं खरं डोकं टाक्यांच्या आधीच लागतं, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. आमच्याकडे हॉपरचं काम यायचं. हॉपर म्हणजे खाली निमुळता होत गेलेला शंकू. सपाट पत्र्यातून शंकू काढायचा तर तो आधी मनात उलगडून पत्र्यावर मांडावा लागतो. समजा तोंडाचा व्यास ६०० मिलिमीटर आणि उंची ४००. तर तिरकी बाजू ५०० येते. पत्र्यावर ५०० त्रिज्येची कमान काढायची. त्या कमानीचा किती भाग घ्यायचा? पुस्तक सांगतं: त्रिज्येला तिरक्या बाजूने भागा, ३६० ने गुणा, २१६ अंश. मेस्त्रींना अंश मोजायची गरजच वाटत नसे. ते एका खिळ्याला दोरा बांधत, दुसऱ्या टोकाला खडू, कमान ओढत. मग लवचीक पट्टी कमानीवर वाकवून तोंडाच्या घेराएवढी लांबी मोजत, १८८५. दोन्ही टोकांना पंच मारत आणि तिथून मधल्या खिळ्याकडे रेघा ओढत. झाला शंकू. पत्रा जाड असेल तर बाहेरचा नाही, मधला व्यास धरायचा, हेही त्यांनीच सांगितलं. पत्रा गोल वाळवून कडा एकमेकींना भिडल्या तेव्हा मधली फट दीड मिलिमीटर होती, तळापासून टोकापर्यंत सारखी. मी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये पहिला आलो होतो. माझा शंकू भिडला नव्हता.

चौथीत शाळा सुटलेला हा माणूस आमच्या साहित्यात आला असता तर कसा आला असता? अडाणी पण मनाचा मोठा, असा. किंवा अडाणी आणि लुबाडला गेलेला. त्या शंकूची गोष्ट आली असती का? मला शंका आहे. आपण कामगाराला दुःख दिलं, संताप दिला, प्रसंगी तत्त्वज्ञानही दिलं, पण ज्ञान दिलं नाही. याचा परिणाम पुस्तकांपुरता राहत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या गेल्या. त्यानंतर काय काय गेलं याची मोजदाद आजतागायत चालू आहे: नोकऱ्या, जमिनी, चाळी. ताण्याला हात लावून सूत कुठे तुटणार हे ओळखणारी बोटंही गेली. त्यांचा हिशेब कुणी मागितला नाही, कारण ती कुठे नोंदलेलीच नव्हती.

मेस्त्रींच्या वाक्याला साथ मिळाली ती फार लांबून. प्रिमो लेव्ही या इटालियन लेखकाने १९७८ मध्ये ‘ला क्यावे आ स्तेल्ला’ नावाचं पुस्तक लिहिलं. शीर्षकाचा अर्थ आपल्या भाषेत पाना. मी अर्थातच इंग्रजी भाषांतर वाचलं. फाउसोने नावाचा एक माणूस जगभर हिंडून पूल, क्रेन, मोठमोठे लोखंडी सांगाडे उभे करतो आणि त्या कामांच्या गोष्टी सांगतो. ऐकणारा आहे खुद्द लेखकासारखाच एक रसायनतज्ज्ञ. लेव्ही आउश्वित्झमधून वाचलेला होता आणि त्याने आयुष्याची बरीच वर्षं रंग-वॉर्निशच्या कारखान्यात नोकरीत काढली होती. या पुस्तकात सांगाडा का डोलला, कुठला बोल्ट चुकला, याचा तपास खुनाच्या तपासासारखा चालतो. फाउसोनेचा बाप तांबट आहे, त्याच्यावरचं प्रकरण मी दोनदा वाचलं.

पुस्तक आलं तेव्हा इटलीतल्या काही डाव्या टीकाकारांना ते खटकलं. कारखान्यांत संघर्ष पेटलेला असताना हा माणूस कामाचं प्रेम काय सांगतो, असं त्यांचं म्हणणं. ते मला पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. फाउसोने मोकळा माणूस आहे. त्याला हवं ते काम तो घेतो, विमानाने जातो. विद्यावेतनावर स्पॅटर खरवडणारा, रात्री डोळ्यांत आर्क लागून बटाट्याच्या चकत्या ठेवून तळमळणारा तो नाही. कामाचं कौतुक लिहिताना कामाच्या अटी विसरणं सोपं असतं, आणि मालकवर्गाला असं विसरलेलं लेखन आवडतं. अलीकडे हातकामाचं जे गोडवे गाणारं इंग्रजी लेखन येतं, त्यातलं पुष्कळ मला याच कारणासाठी गिळवत नाही. पदवी आणि पर्याय असलेल्या माणसाने मोटारसायकल उघडण्यात आणि दुसरा रस्ताच नसलेल्या पोराने वेल्डिंगला जाण्यात फरक आहे. तरीही लेव्हीकडून एक गोष्ट मला मिळाली ती दुसऱ्या कुणाकडून मिळाली नव्हती. त्याच्या पुस्तकात कामगार चुकू शकतो. चूक त्याची स्वतःची असते, ती त्याला कळते, आणि झोप उडवते.

इथे मला माझ्या त्या कथेकडे परत यावं लागतं. कथा एका खऱ्या प्रसंगावरून सुचली होती आणि तो प्रसंग मी कथेत उलटा करून घातला होता. कथेत टाकी गळते, मालक मेस्त्रीचा पगार कापतो, मेस्त्री निमूट सहन करतो. मालक क्रूर, मेस्त्री गरीब, ठिणग्या. छापायला एवढं पुरेसं होतं.

घडलं होतं ते असं. टाकीच्या एका उभ्या जोडाची पहिली फेरी मला दिली होती. मध्ये आर्क तुटला, स्लॅग अडकली. ती काढून, घासून, पुन्हा भरायला हवी होती. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. मी तशीच पुढची फेरी मारली आणि वरची फेरी इतकी सुबक ओढली की माशाच्या खवल्यांसारखी एकेक रेघ मोजून घ्यावी. मेस्त्रींनी बघून मान डोलावली. माल निघायच्या आदल्या संध्याकाळी रॉकेल-चुन्याची चाचणी झाली. जोडाला एका बाजूने चुना फासतात, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावतात. कुठे सुईच्या टोकाएवढी वाट असली तरी रॉकेल ती शोधतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट ओला डाग उमटतो. माझ्या जोडावर बोटभर लांबीचा डाग उमटला. मेस्त्रींनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ग्राइंडर घेऊन त्यांनी सगळा जोड मुळापर्यंत उघडला. आत अडकलेली स्लॅग काळ्या रेघेसारखी दिसत होती. रात्री दोन वाजेपर्यंत त्यांनी तो पुन्हा भरला. मी फक्त रॉड देत होतो. सकाळी मालकाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जोड माझाच होता." त्यांचा एक दिवसाचा पगार गेला. मी गप्प राहिलो.

हे मी कथेत का लिहिलं नाही? भिती होती, लाज होती, ते आहेच. पण आणखी एक कारण आहे आणि ते वाङ्मयीन आहे. मी जे साहित्य वाचून लिहायला शिकलो त्यात हे बसवायला जागा नव्हती. त्यात कामगाराच्या हातून काही बिघडलं तर त्याचं कारण भूक, दारू किंवा मालक. घाई केली, दोष झाकला, वरून सुबक फेरी ओढली, ही चूक करायला आधी काम येत असावं लागतं. ज्याच्याकडे ज्ञान आहे हे आपण मान्यच करत नाही त्याला चूक कुठून करता येणार? त्याला फक्त सोसता येतं. मेस्त्रींचं ते खोटं बोलणंही मग नुसतं सोसणं होऊन बसतं. माझ्या कथेत तेच झालं होतं. त्यांनी उघडलेला, घासलेला, पुन्हा भरलेला जोड मी सहनशीलता या एका शब्दाखाली पुरून टाकला होता. (वरची फेरी सुबक आणि मुळात स्लॅग, हे वाईट लेखनाचं रूपक म्हणून फार सहज सुचतं. म्हणूनच मी ते वापरणार नाही. स्लॅगला एकदा तरी स्लॅग राहू दे.)

मागच्या उन्हाळ्यात ती कथा मी पुन्हा लिहिली. ठिणग्या काढल्या. जेवणाची सुट्टी, चुन्यावरचा डाग, दोन वाजेपर्यंतची रात्र, सगळं घातलं, आणि कोण गप्प राहिलं तेही. मेस्त्री आता काम करत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, गावाकडे असतात. मी वाचत होतो आणि ते ओट्यावर बसून ऐकत होते. डागाचा भाग आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोर बघत राहिले. वाचून झाल्यावर बराच वेळ गेला. आतून वहिनींनी चहा आणून ठेवला.

"रात्री रॉड कोणता लावला ते लिहिलं नाहीस," ते म्हणाले.

"७०१८."

"मग ओव्हनमधून काढला का तसाच लावला?"

मला आठवेना.

"ओव्हनमधनं काढला होता. तूच आणून देत होतास, फडक्यात धरून. ते लिही."